न उघडता पाहिलेला गुडघा : एमआरआय तंत्रांच्या चुरशीचा इतिहास

गुडघ्याच्या एमआरआयचा अहवाल हाती पडला की त्यात पीडी, टी-टू, स्टिर, फॅट-सॅट अशी अनोळखी अक्षरे ओळीने मांडलेली दिसतात. रुग्ण ती ओलांडून थेट शेवटच्या परिच्छेदाकडे जातो. वस्तुतः त्या प्रत्येक अक्षरामागे एखादी प्रयोगशाळा आहे, एखादा वाद आहे, आणि 'गुडघा उघडावा की उघडू नये' या प्रश्नाला दिलेले एक उत्तर आहे. हा धागा त्या अक्षरांच्या इतिहासाचा.

आरंभ एमआरआयच्या फार आधी होतो. इंग्लंडमधील लीड्सचे शल्यविशारद विल्यम हे (हे त्यांचे आडनाव) यांनी १८०३ साली आपल्या ग्रंथात 'गुडघ्याचा अंतर्गत बिघाड' असा शब्दप्रयोग रूढ केला. गुडघा एकाएकी अडकतो, सरळ होत नाही, पुन्हा एखाद्या हिसक्याने सुटतो. आत काहीतरी सरकले आहे एवढे कळते, काय ते कळत नाही. हा शब्दप्रयोग पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकला. त्याचे कारण उघड आहे. ज्या आजाराचे नेमके स्थान ठाऊक नाही, त्याला असेच मोघम नाव सोयीचे पडते.

१८८३ साली एडिंबरोच्या थॉमस अ‍ॅनंडेल यांनी एका खाणकामगाराचा गुडघा उघडला आणि जागेवरून सुटलेली आतील गादी टाके घालून पूर्ववत बसवली. गादी म्हणजे मेनिस्कस : मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये आतल्या व बाहेरच्या बाजूस असलेल्या दोन चंद्रकोरी. तो कामगार बरा होऊन पुन्हा कामावर गेला. तथापि, अ‍ॅनंडेल यांचा हा धडा पुढील पिढ्यांनी गिरवला नाही. १८९७ मध्ये जॉन ब्लँड-सटन यांच्यासारख्या मातब्बर शल्यविशारदाने या गाद्या म्हणजे पायाच्या स्नायूचे निरुपयोगी अवशेष होत, असे लिहिले. निरुपयोगी वस्तू शिवायची कशाला? काढून टाकावी. मग ती काढून टाकण्याची प्रथाच पडली.

लिव्हरपूलचे थॉमस पोर्टर मॅकमरे यांचे नाव आजही प्रत्येक अस्थिरोगतज्ज्ञाच्या तोंडी असते. गुडघा वाकवून, पाय पिळून, 'कट्' असा आवाज येतो का हे पाहण्याची चाचणी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. फाटलेली गादी हाताने ओळखण्याची इतकी नाजूक कला ज्याने शिकवली, त्याच मॅकमरे यांनी १९४२ साली गादी अर्धवट काढणे ही फार मोठी चूक आहे, ती समूळ काढावी, असा आग्रह धरला. सहाच वर्षांनी, १९४८ मध्ये, फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांची क्ष-किरणचित्रे मांडून दाखवली. हाडांच्या कडा वाढलेल्या, सांध्याची फट अरुंद झालेली, मांडीच्या हाडाचा गोलवा चपटा झालेला. गादी भार वाहत होती, आणि ती गेल्यावर तो भार थेट हाडांवर आला होता. एवढा स्पष्ट पुरावा असूनही शस्त्रक्रियेची रीत बदलायला आणखी तीन दशके लागली.

येथे प्रश्नाचे खरे रूप दिसते. गादी मौल्यवान असेल, तर ती फाटली आहे की नाही, आणि फाटली असल्यास नेमकी कुठे, हे कापण्यापूर्वी कळले पाहिजे. १८९५ मध्ये राँटगेन यांनी शोधलेले क्ष-किरण येथे निष्प्रभ ठरतात, कारण त्यांना हाड दिसते. गादी आणि अस्थिबंध (रोजच्या बोलण्यातील लिगामेंट) यांच्यातून ते आरपार निघून जातात. सांध्यात सुईने हवा अथवा आयोडीनयुक्त द्रव भरून क्ष-किरणचित्र काढण्याची पद्धत विसाव्या शतकात पुष्कळ वापरात होती. आतली गादी त्यातून बरी दिसे. क्रूसाकार अस्थिबंधांचा भरवसा नसे. आणि सुई टोचून घ्यावी लागे ती वेगळीच.

दुसरी वाट जपानमधून आली. १९१८ साली टोकियोतील केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासण्याची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांच्यापुढील रोग होता क्षयाचा. क्षयाने गुडघा ताठ झाला की जपानी पद्धतीने गुडघे दुमडून जमिनीवर बसणे अशक्य होई, आणि अशा समाजात ते केवळ शारीरिक व्यंग राहत नसे. ज्या समाजात मांडी घालून जेवायला बसतात, त्या समाजाला याचे स्पष्टीकरण द्यायला नको. ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी ही दुर्बीण परिपूर्ण केली. त्यांची 'क्रमांक २१' ही दुर्बीण १९५० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाली, आणि १९६२ मध्ये त्यांनी तिच्याच साह्याने गादीचा केवळ फाटलेला भाग काढून दाखवला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला कॅनडाच्या चमूबरोबर गेलेले डॉक्टर रॉबर्ट जॅक्सन ही विद्या वातानाबे यांच्याकडून शिकून परतले. तिथून ती पश्चिमेत पसरली.

दुर्बिणीने पाहिलेला गुडघा हाच सत्याचा दाखला, असे पुढे मानले गेले. एमआरआयची जी जी तंत्रे नंतर आली, त्यांची परीक्षा या दुर्बिणीच्या निकालाशी ताडूनच झाली. तथापि दुर्बीण ही शस्त्रक्रियाच आहे. तिच्यासाठी भूल लागते आणि सांध्याला छिद्रे पाडावी लागतात. केवळ 'आत काय आहे' हे पाहण्यासाठी एवढा खटाटोप करावा का, हा प्रश्न तसाच उरला होता.

आता भौतिकशास्त्राकडे. १९४६ साली फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे दाखवले की चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रके ठरावीक कंप्रतेच्या रेडिओलहरी शोषतात आणि परत देतात. १९५२ चे नोबेल त्यांना मिळाले. १९५० मध्ये अर्विन हान यांना आढळले की लहरींचे दोन ठोके लागोपाठ दिले, तर विझत चाललेला संकेत काही क्षणांनी प्रतिध्वनीसारखा पुन्हा उमटतो. हा 'स्पिन एको'. अहवालातील निम्मी अक्षरे या एकाच शोधाची अपत्ये आहेत. चित्र मात्र अजून दूर होते. सप्टेंबर १९७१ मध्ये पॉल लॉटरबर यांना एका साध्या उपाहारगृहात खाताना ती युक्ती सुचली : चुंबकीय क्षेत्र सर्वत्र सारखे न ठेवता मुद्दाम उतरते ठेवावे, म्हणजे कंप्रतेवरून जागा ओळखता येईल. त्यांचा लेख 'नेचर' नियतकालिकाने प्रथम नाकारला आणि मग १९७३ मध्ये छापला. त्यात पाण्याने भरलेल्या दोन नळ्यांचे अंधूक चित्र होते. रेमंड डमेडियन यांनी ३ जुलै १९७७ रोजी मानवी धडाचे पहिले चित्र घेतले, त्याला जवळपास ५ तास लागले. २००३ चे नोबेल लॉटरबर आणि नॉटिंगहॅमचे पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळाले. डमेडियन यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध नोंदवला. ती कथा स्वतंत्र धाग्याची आहे.

गुडघा हा या यंत्राला सुरुवातीपासूनच मानवला. छाती हलते, पोट हलते. गुडघा हलत नाही. तो लहान आहे, त्याच्याभोवती संकेत टिपणारे वेटोळे घट्ट बसवता येते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात नॉटिंगहॅम आणि कॅलिफोर्निया येथून गुडघ्याची चित्रे प्रसिद्ध होऊ लागली, आणि पाहणाऱ्यांना एक विलक्षण गोष्ट जाणवली. गादी काळी होती. अस्थिबंधही काळे होते.

याचे कारण समजून घेतले की पुढचे सारे वाद सोपे होतात. एमआरआयचा संकेत येतो तो पाणी व मेद यांतील हायड्रोजनच्या केंद्रकांकडून. गादीत पाणी भरपूर असते. परंतु ते कोलॅजेनच्या घट्ट तंतूंत जखडलेले असल्याने त्याचा संकेत काही मिलिसेकंदांतच विझतो. यंत्र ऐकायला सुरुवात करते, तोवर गादी गप्प झालेली असते. सांध्यातील मोकळे द्रव मात्र दीर्घकाळ बोलत राहते. गादी फाटली आणि त्या फटीत द्रव शिरले, की काळ्या त्रिकोणात पांढरी रेघ उमटते. एवढेच निदान. त्या रेघेला कसे पकडावे, यावरच तंत्रांची चुरस सुरू झाली.

संकेत लवकर ऐकला (पीडी, म्हणजे प्रोटॉन घनता), तर गादीतील बारीकशी रेघही दिसते. उशिरा ऐकला (टी-टू), तर द्रव उठून दिसते, अस्थिबंधाची सूज दिसते, पण गादीतील सूक्ष्म रेघ बुजते. म्हणून पहिल्या पिढीने दोन्ही एकाच फेरीत घेतले : एका ठोक्यावर दोन प्रतिध्वनी, एक लवकरचा, एक उशिराचा. हा जुना 'कन्व्हेन्शनल' स्पिन एको. चित्रे सुरेख येत. रुग्ण मात्र लोहचुंबकाच्या बोगद्यात कंटाळून जाई.

१९८७ हे वर्ष निर्णायक म्हणावे लागेल. जॉन क्रूस आणि डेव्हिड स्टोलर यांच्या कामातून गादीतील पांढऱ्या खुणेची त्रिस्तरीय प्रतवारी पुढे आली. पहिली प्रत : आतला ठिपका. दुसरी : आतली रेघ, पण पृष्ठभागापर्यंत न पोचलेली. तिसरी : पृष्ठभागाला भिडलेली रेघ. दुर्बिणीत खरी फट सापडते ती तिसऱ्या प्रतीत. पहिल्या दोन प्रती या वयपरत्वे होणाऱ्या झिजेच्या खुणा. आजही आपल्याकडील अहवालांत 'ग्रेड टू' हे शब्द वाचून रुग्णाच्या पोटात गोळा येतो. प्रतवारी करणाऱ्यांच्या लेखी ती फाटलेली गादी नव्हतीच. विस्कॉन्सिनचे आर्थर डी स्मेट यांनी १९९३ मध्ये आणखी एक गाळणी लावली : रेघ पृष्ठभागाला भिडलेली किमान दोन चित्रांत दिसली पाहिजे. एकाच चित्रात दिसली, तर भरवसा एकदम खाली येतो. साधा नियम, पण कित्येक गुडघे त्याने न उघडता राहिले असतील.

याच सुमारास एक अनपेक्षित लाभ झाला. हाड हे क्ष-किरणांचे राज्य समजले जाई. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एमआरआयमध्ये असे दिसू लागले की क्ष-किरणचित्रात निर्दोष असलेल्या हाडाच्या आतही मार बसल्याचा डाग असतो. पुढचा क्रूसाकार अस्थिबंध, म्हणजे एसीएल, तुटताना दोन हाडे एकमेकांवर आदळतात, आणि ठरावीक जागी हा डाग उमटतो. अस्थिबंध धूसर दिसला तरी डाग साक्ष देतो. तथापि हाडाच्या मज्जेत मेद असतो, मेदही उजळ दिसतो, आणि उजळात उजळ डाग हरवतो. मग मेदाला गप्प करायचे कसे?

यावर तीन घराणी निर्माण झाली. लंडनच्या हॅमरस्मिथ येथील ग्रेम बायडर आणि इयन यंग यांनी १९८५ मध्ये 'स्टिर' मांडले : आधी सर्व केंद्रकांना उलटे करायचे आणि मेदाचा संकेत परत येताना नेमका शून्यावर असेल त्या क्षणी चित्र घ्यायचे. मेद सर्वत्र सारखा विझतो. धातूचा स्क्रू जवळ असला तरी पद्धत फारशी बिथरत नाही. मात्र चित्र दाणेदार येते. दुसरे घराणे फॅट-सॅटचे : १.५ टेस्ला यंत्रात पाणी आणि मेद यांच्या कंप्रतेत सुमारे २२० हर्ट्‌झचा फरक असतो, तेवढ्यावर नेम धरून मेद आधीच दमवून टाकायचा. चित्र स्वच्छ येते. पण क्षेत्र किंचित असमान झाले की नेम चुकतो आणि कोपऱ्यात मेद पुन्हा उजळतो. तिसरे घराणे विल्यम थॉमस डिक्सन यांचे, १९८४ चे. त्यांनी मेदाला मारले नाही. पाणी आणि मेद कधी एकसुरात असतात, कधी विरुद्ध सुरात, या दोन क्षणी चित्रे घेऊन बेरीज-वजाबाकी केली. युक्ती इतकी देखणी होती की ती चालायलाच हवी होती. चालली नाही, क्षेत्राच्या असमानतेने बेरीज-वजाबाकीचा गोंधळ होई. संगणक सुधारल्यावर, एकविसाव्या शतकात, ती नव्या रूपात परतली, आणि शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यांत तिने चांगले बस्तान बसवले.

वेगाची लढाई याहून कडाक्याची झाली. जर्मनीत गोटिंगेन येथे अ‍ॅक्सेल हासे आणि येन्स फ्राम यांनी 'फ्लॅश' हे ग्रेडियंट एको तंत्र काढले, तर १९८६ मध्ये फ्रायबुर्गच्या युर्गेन हेनिग यांनी 'रेअर' : एका ठोक्यावर दोन नव्हे, प्रतिध्वनींची मालिकाच टिपायची. उत्पादकांनी त्याला 'फास्ट' किंवा 'टर्बो' स्पिन एको म्हटले आणि मिनिटांचे काम एकदम हलके झाले. पण मालिकेतील उशिराचे प्रतिध्वनी क्षीण असतात, त्यामुळे कडा पुसट होतात. नेमकी लवकर विझणारी गादीच त्यात सर्वाधिक सोसते. १९९४ साली अमेरिकेतील एका चमूने दोन्ही तंत्रे ताडून पाहिली आणि वेगवान तंत्रात गादीच्या फाटी निसटतात, असा इशारा दिला. दोनच वर्षांनी दुसऱ्या चमूने नेमके उलट म्हटले : मालिका आखूड ठेवा, मग वेगवान तंत्र जुन्याच्या तोडीचे आहे. दोघांचेही खरे होते, कारण दोघे एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी मोजत होते. तंत्राच्या नावापेक्षा ते कसे बसवले आहे याला महत्त्व आहे, हे या वादातून कळले. अहवालात ते कोणी लिहीत नाही.

आणखी एक खोडी मध्येच उपटली होती. तंतू मुख्य क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन करून बसले की त्यांचा संकेत नेहमीपेक्षा उशिरा विझतो, आणि निरोगी गादी किंवा स्नायुरज्जू फाटल्यासारखी उजळते. याला 'जादुई कोन' असे काव्यात्म नाव पडले. बाहेरच्या गादीचा मागचा भाग नेमका अशाच चढावर असतो. त्यात जवळूनच एक स्नायुरज्जू जाते, तिचीही रेघ फाटीसारखी दिसते.

म्हणूनच २००३ मध्ये नेदरलँड्समधील एडविन ओई आणि सहकाऱ्यांनी १९९१ ते २००० या काळातील २९ अभ्यास एकत्र करून जो हिशेब मांडला, त्यातील एक आकडा डोळ्यांत भरतो. आतल्या गादीची फाट असताना ती ओळखण्याचे प्रमाण ९३ टक्के, एसीएलचे ९४ टक्के. बाहेरच्या गादीचे मात्र ७९ टक्के. पाचांतील एक फाट हुकत होती. दुसऱ्या बाजूने, बाहेरची गादी अखंड असता ती अखंड आहे असे बरोबर सांगण्याचे प्रमाण जवळपास ९६ टक्के होते. म्हणजे बाहेरच्या गादीविषयी एमआरआयचा 'होय' विश्वासार्ह, 'नाही' काहीसा कच्चा.

पुढचे पाऊल अधिक शक्तिशाली चुंबकाचे. १९८० साली अ‍ॅबर्डीनच्या ज्या यंत्राने रुग्णाचे पहिले उपयुक्त चित्र काढले, त्याची शक्ती ०.०४ टेस्ला होती. रुग्णालयांत १.५ स्थिरावले, मग ३ आले. चित्रे डोळ्यांना निश्चित अधिक सुबक दिसतात, कूर्चेवरील ओरखडे तपासताना त्याचा फायदाही होतो. परंतु गादी आणि एसीएल यांच्या निदानात ३ टेस्लाने १.५ वर लक्षणीय मात केल्याचे बेल्जियममधील तुलनेत आढळले नाही. जाहिरातींत टेस्लाचे आकडे मोठ्या अक्षरांत छापले जातात, ते वाचताना हे ध्यानात असलेले बरे. त्रिमितीय तंत्रांचेही तसेच : ३-४ मिलिमीटर जाडीच्या कापांऐवजी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे घन, हवे तसे फिरवून पाहता येणारे. २००९ मध्ये विस्कॉन्सिनच्या रिचर्ड किजोव्स्की यांनी जुन्या कापांशी त्याची तुलना केली. निकाल जवळपास बरोबरीचा लागला.

चित्र इतके तीक्ष्ण झाल्यावर एक अवघड गोष्ट समोर आली. २००८ साली अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील ९९१ मध्यमवयीन व वृद्ध नागरिकांच्या गुडघ्यांचा एमआरआय प्रसिद्ध झाला. हे रुग्ण नव्हते, साधे रहिवासी होते. सत्तरी ओलांडलेल्या पुरुषांत ५६ टक्क्यांच्या गाद्या फाटलेल्या वा झिजून गेलेल्या निघाल्या. आणि ज्यांच्या गाद्या फाटलेल्या होत्या, त्यांतील ६१ टक्के लोकांना मागील महिन्यात गुडघ्याचे काही दुखणेच नव्हते. पाठोपाठ २०१३ मध्ये फिनलंडमधील प्रयोगात झिजून गादी फाटलेल्या १४६ जणांपैकी निम्म्यांची खरी आणि निम्म्यांची लुटुपुटीची दुर्बीण शस्त्रक्रिया झाली. वर्षभराने दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तरुण खेळाडूच्या ताज्या दुखापतीला हा निष्कर्ष लागू नाही, हे येथे मुद्दाम सांगायला हवे. अडकलेला गुडघा आणि पन्नाशीतला दुखरा गुडघा, दोघांच्या चित्रात तीच पांढरी रेघ असते.

शेवटचा टप्पा अगदी अलीकडचा. २०१८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुक यांनी मिळून 'फास्ट-एमआरआय' प्रकल्प हाती घेतला आणि गुडघ्याच्या सुमारे १,५०० एमआरआयचा कच्चा संकेत जगाला खुला केला. कल्पना अशी : संकेत चौथ्या हिश्शाइतकाच टिपायचा आणि उरलेले चित्र संगणकाने, आधी पाहिलेल्या गुडघ्यांच्या अनुभवावरून, पूर्ण करायचे. भीती रास्त होती. शेकडो निरोगी गाद्या पाहिलेला संगणक एखादी बारीक पांढरी रेघ दोष समजून गुळगुळीत करून टाकेल काय? २०२० मध्ये तज्ज्ञांना दोन्ही प्रकारची चित्रे वाचायला दिली, तेव्हा त्यांची निदाने अदलाबदल करण्याजोगी निघाली, आणि चित्राच्या दर्जाबाबत तज्ज्ञांनी संगणकाच्या चित्राला वरचा क्रमांक दिला. या परीक्षेत दुर्बीण कुठेच नव्हती. नवी चित्रे ताडून पाहिली गेली ती जुन्या एमआरआयशी.